दर सायटेशनामागे एक नारळ

"या खेपेला असोसिएट प्रोफेसर झालो नाही, तर नावाचा सिद्धेश गावस नाही!"

पोदेर, म्हणजे पाववाला, नुकताच टाकून गेलेला गरम पाव चहात बुडवत डॉ. सिद्धेश पांडुरंग गावस यांनी ही प्रतिज्ञा केली. प्रतिज्ञा एवढी जोरात झाली की पावाचा बुडलेला अर्धा भाग तुटून कपातच राहिला.

"मग काय नाव ठेवणार?" त्यांच्या बायकोने, हर्षाने, चमचा पुढे करत विचारलं. "आधीच ठरवून ठेवा. आधारकार्डावर बदलून घ्यायला फार खेपा पडतात."

हर्षा माहेरची डिचोलीची. प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे टोमणासुद्धा शुद्ध मारायची. सिद्धेशने पाव चमच्याने काढला आणि तो टोमण्यासकट गिळला. दुसरं करणार काय? याआधी दोन वेळा तो त्याच मुलाखतीला जाऊन हात हलवत परत आला होता.

सिद्धेश रोज इब्रामपूरहून डिचोलीला जायचा, तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला. आणि त्याचा जीव अडकला होता अळम्यांत, रानातल्या अळंब्यांत. पावसाळ्यात रोंयणीवर, म्हणजे वारुळावर, जी पांढरी शुभ्र अळमी उगवतात ना, ज्यांच्यासाठी गोंयकार रस्त्यात गाडी थांबवून भांडतो, तीच! बाकीचं जग ती कापून, कांदा-खोबरं घालून खातं. सिद्धेश ती मोजायचा, मापायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि मग खायचा. त्यावर त्याने आठ शोधनिबंध लिहिले होते. चांगले होते हो निबंध! पण मुलाखत घेणारे दोन्ही वेळा एकच वाक्य बोलले होते, "संशोधन बरं आहे, पण प्रभाव दिसत नाही."

प्रभाव म्हणजे काय, तर सायटेशन. हेच त्या सकाळी त्याच्या आईने विचारलं. आनंदीकाकी विळीवर नारळ खवत बसली होती.

"ता सायटेशन म्हणजे काय रे झिला?"

"म्हणजे आई, जगात कुठेतरी दुसरा एखादा अभ्यासक निबंध लिहितो आणि त्यात म्हणतो, की हे अमुक अमुक गावस यांनी आधीच सांगून ठेवलंय. असं कोणी लिहिलं की आपलं एक सायटेशन झालं."

"म्हणजे परक्या माणसान आपला नाव काढूक होया."

"बरोबर!"

"मगे आजपर्यंत किती जणांनी काढल्यानी?"

सिद्धेशने खिडकीबाहेर बघितलं. "अकरा."

आनंदीकाकीची विळी थांबली. "अकरा? अरे, तुझ्या लग्नाक दोन पंगती उठल्यो तरी माणसां रवली हुती!"

"आणि त्या अकरांतले चार उल्लेख त्यांनी स्वतःच केलेत," हर्षाने आतून माहिती पुरवली. "आपल्या नव्या निबंधात आपलाच जुना निबंध. त्याला स्वयं-उल्लेख म्हणतात. ते मुलाखतीत धरत नाहीत."

"म्हणजे सात!" आनंदीकाकी म्हणाली. नुसती नारळ खवत राहिली. ती गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

ती दुपारीच सातेरीच्या देवळात गेली आणि गोपाळ घाडींना गाठलं. गावात कोणाचं काही अडलं, तर देवीसमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं काम घाडींचं. म्हैस आटली, मुलीचं लग्न ठरेना, मुलाला बोटीवरची नोकरी लागेना, सगळ्यांसाठी ते गाऱ्हाणं घालत. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची माकडंसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणतील. पण सायटेशनसाठी गाऱ्हाणं त्यांनी जन्मात घातलं नव्हतं.

"काकी, ता नेमक्या काय मागूचा?" त्यांनी विचारलं.

"जगान नाव काढूचा, इतक्याच माग. आणि सांग देवीक, जितकी माणसां माझ्या झिलाचा नाव काढतली, तितके नारळ तुका. दर सायटेशनामागे एक!"

घाडींनी डोळे मिटले. "गे माये सातेरी, गांवच्या राखणदारणी! आज ही आनंदी तुझ्या पायाकडे इल्ली आसा. तिचो झील शिकलो-सवरलो, पण जग तेचा नाव काढणा नाय! तर माये, देशीं-परदेशीं, जंय जंय कागद आणि पेन आसा, थंय थंय तेचा नाव लिवून घे. एका नावाक एक नारळ ती तुका देतली!"

"व्हय म्हाराजा!" देवळात होते नव्हते तेवढ्यांनी साथ दिली.

आनंदीकाकीचा हिशोब सरळ होता. परसात पाच माड. अकराचे पंधरा झाले, वीस झाले, तरी घरचेच नारळ पुरतील!

आता इकडे डिचोलीत काय चाललं होतं बघा. त्याच दिवशी, त्याच सुमाराला सिद्धेश कॉलेजात संगणकापुढे बसला होता. संशोधकांचे निबंध आणि त्यांचे उल्लेख मोजणारी एक साईट असते. त्यावर त्याचं पान होतं, 'एस. पी. गावस' नावाचं. सोमवारी मुलाखत. त्या पानाची प्रत सोबत न्यायची होती. पण साईट आठपैकी पाचच निबंध दाखवत होती.

"तीन निबंध गेले कुठे?" असं तो पुटपुटतोय तोच पडद्यावर एक चौकट उघडली. 'एस. पी. गावस, हे लेखही तुमचेच आहेत का?' खाली बारीक अक्षरांत काहीबाही यादी, आणि दोन बटणं. 'एकेक तपासा' आणि 'सगळे माझेच'.

सापडले! हरवलेले तिन्ही सापडले! नेमकी तेव्हाच प्रॅक्टिकलची घंटा वाजली. तळमजल्यावर वीस पोरं हातात ब्लेड घेऊन उभी असताना एकेक तपासत कोण बसतो? सिद्धेशने 'सगळे माझेच' दाबलं आणि धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोबाईलवर ते पान उघडलं, आणि पायात घालायचं विसरून चप्पल हातात घेऊन उभा राहिला. एकूण उल्लेख : ४२११!

"हर्षा! आई! चार हजार!"

"कसले चार हजार? वीजबिल?" हर्षा धावत आली.

"सायटेशन! अगो, चार हजार दोनशे अकरा!"

हर्षाने आकडा पाहिला. "एका दिवसात?"

"चीन!" सिद्धेश ओरडला. "चीनमध्ये अळमी केवढी खातात माहीत आहे? तिकडे कळलं असणार! मी म्हणत होतो ना, उशीर लागेल पण जगाला कळेल!"

एवढा शिकलेला माणूस, पण यादी उघडून बघावी असं त्याच्या मनात आलं नाही. का यावं? इतकी वर्षं रोंयणीपाशी चिखलात पालथं पडून काम केलं होतं. जळवा लागल्या होत्या. एकदा अळम्यांऐवजी नागाने दर्शन दिलं होतं. त्याला वाटलं, पोचलं फळ! मनातल्या मनात त्याने अख्ख्या चीनचे आभारसुद्धा मानून टाकले.

आनंदीकाकीने मात्र देव्हाऱ्यापुढे हात जोडले. "कालच सांगलंय, आणि आज दिल्यान! माये, इतकी घाई कित्याक केलंस गो!" तिला माडांची आठवण झाली होती.

तेवढ्यात दारात पोदेराच्या भोंग्याची पोंपों वाजली. आनंदीकाकीने पाव घेतले आणि बातमी दिली. झालं! पावाची टोपली रिकामी होईस्तोवर सगळ्या इब्रामपूरला कळलं की आनंदीकाकीच्या सिद्धेशचं नाव जगातल्या चार हजार माणसांनी काढलं, आणि तेही सातेरीला गाऱ्हाणं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी!

संध्याकाळी सिद्धेश घरी आला तर पडवीत माणसं बसलेली. सगळ्यांत पुढे शेजारची जानकीकाकी, हातात प्लास्टिकची मोठी पिशवी.

"सिद्धेशा, बाबा, ह्या बघ. काकाचो कार्डियोग्राम. म्हापशाचो डॉक्टर म्हणता झडप बदलूक होयी. तू सांग, बदलूक होयी की नको?"

"काकी, मी... मी अळम्यांचा डॉक्टर."

"गजाली नको सांगू! आमच्या लेकीन, सेजलान, मोपाच्या विमानतळार ड्युटीवर बसान तुझा पान वाचल्यान. हृदयाच्या झडपेर तू पंचवीस निबंध लिवलंस म्हणता!"

मागून पंच साईश पुढे सरकला. "आणि सर, ता डांबराचा पण वाचला हां! पावसान रस्तो उखडता कसो, तेच्यार तुमचा संशोधन आसा. इतकी वर्षां बोललात नाय ते? आमच्या वाड्यावरचो रस्तो बघून जावा एकदा!"

सिद्धेशने मोबाईल उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती यादी वाचली. पहिला निबंध : हृदयाच्या झडपा. दुसरा : हृदयाच्या झडपा. तिसरा : अतिवृष्टीत डांबरी रस्त्यांची झीज. असं करत करत खाली, खूप खाली, बिचारी अळमी! अभ्यासाची क्षेत्रं : हृदयशस्त्रक्रिया, डांबरीकरण, वनस्पतिशास्त्र. एवढ्या क्षेत्रांत एवढा प्रभाव असलेला माणूस साऱ्या गोव्यात दुसरा नसेल!

एस. पी. गावस जगात तीन होते. एक हृदयाचा, एक डांबराचा आणि एक अळम्यांचा. आणि अळम्यांच्याने एका बटणासरशी बाकी दोघांचं घर आपल्या नावावर करून घेतलं होतं.

जानकीकाकीला त्याने कशीबशी गोव्यातल्या मोठ्या हृदयतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली. पंचाला म्हणाला, "रस्ता बघतो." माणसं गेल्यावर तो आईकडे वळला.

"आई, एक घोळ झालाय. ते चार हजार..."

"माका म्हायत आसा!" आनंदीकाकी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, पण कपाळावर घामही होता. "चार हजार दोनशे अकरा नारळ द्यावचे आसत. दर सायटेशनामागे एक बोललंय मी देवीक."

सिद्धेश मटकन ओट्यावर बसला. "काय बोललीस?"

"तू भियां नको. सगळो गांव उठलो. गोपाळ घाडीन सांगल्यान, हो आमच्या गांवचो मान, घरटी सगळ्यांनी नारळ घालूचे. आयतवारी देवळात गाऱ्हाणा. पांडुरंग होयो हुतो ह्या बघूक." तिने गेलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि पदराने डोळे पुसले.

आता सांगा, अशा वेळी तोंड उघडेल कोणाचं?  सिद्धेश उठून खोलीत गेला आणि साईटवर 'हे लेख माझे नाहीत' असं कळवलं. साईटने नम्रपणे उत्तर दिलं : 'आपली विनंती मिळाली. बदल दिसायला काही दिवस लागतील.'

"म्हणजे सोमवारी मुलाखतीला आकडा तोच असणार," तो हर्षाला म्हणाला.

"हो."

"कोणाला काही कळणार नाही."

"कोणाला नाही," हर्षा म्हणाली. "मुलाखत घेणाऱ्यांना एखादवेळी छातीत कळ आली तर तेवढं तुम्ही बघा."

सिद्धेशला हसू आलं नाही. दोनदा नाकारलेली बढती तिसऱ्यांदा हाताशी आली होती, आणि आकडा आपणहून चालत आला होता. त्याने चोरला थोडाच होता? गप्प बसलं की झालं! पण गप्प बसायचा विचार केला की त्याला जानकीकाकीची ती प्लास्टिकची पिशवी दिसायची.

शेवटी त्याने दोन्ही गावसांना ईमेल लिहिला, क्षमा मागितली, सगळा घोळ सांगितला. डांबरवाले गावस आखातात कुठेतरी रस्ते बांधत होते, त्यांचं उत्तर आलं नाही. हृदयवाल्यांचं आलं. डॉ. शांताराम प्रभाकर गावस, पुणे. दोनच ओळी : 'आमची कुलदेवताही सातेरीच, मूळ घर दोडामार्गाकडे. रविवारी सकाळच्या विमानाने मोपाला उतरतो आहे, इब्रामपूरला येतो, प्रत्यक्ष बोलू.'

"प्रत्यक्ष बोलू!" सिद्धेश घाबरला. "हर्षा, तो पोलीस घेऊन येणार!"

"विमानात पोलीस मावत नाहीत," हर्षा म्हणाली. "देवळात सगळ्यांसमोर तुम्ही आधी बोला. तो बोलायच्या आत."

रविवार उजाडला. देवळाच्या अंगणात नारळच नारळ! कोणी सायकलवर आणले, कोणी डोक्यावर, पंचाने तर टेम्पो भरून. नारळाचा भाव गगनाला भिडलेला, पण एकही घर मागे राहिलं नव्हतं. ज्याच्या परसात माड नाही त्याने विकत आणला होता. जानकीकाकीने दोन आणले, एक नवऱ्याच्या झडपेच्या नावाने. चार हजार काही भरले नव्हते, पण ढीग एवढा झाला होता की तुळशीवृंदावन दिसेनासं झालं. सिद्धेश त्या ढिगाभोवती एक फेरी मारून आला. या माणसांना अळम्यांच्या शास्त्रातलं अक्षर समजत नव्हतं. तरी ती त्याच्यासाठी आली होती.

तेवढ्यात एक टॅक्सी येऊन थांबली. पांढऱ्या केसांचे, शांत चेहऱ्याचे एक गृहस्थ उतरले. पंचाने पाहुणा समजून त्यांना आत आणलं.

"काय कार्यक्रम आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"आमच्या सिद्धेश सरांचो सत्कार. हृदयाच्या झडपेर तेनी असा संशोधन केला हा, जगात तोड नाय!"

"असं?" गृहस्थ म्हणाले. "वाचायला हवं."

सिद्धेशने हे ऐकलं आणि तो गर्दीतून पुढे सरकला. इकडे गोपाळ घाडींनी डोळे मिटून हात जोडलेच होते.

"गे माये सातेरी! आज तुझा लेकरू..."

"थांबा घाडीकाका!"

आवाज सिद्धेशचा होता, पण त्यालाच ओळखू आला नाही. सगळं देऊळ त्याच्याकडे बघायला लागलं. गाऱ्हाण्याच्या मध्ये बोललेला माणूस कोणी पाहिला नव्हता.

"ते चार हजार माझे नाहीत!" तो एका दमात बोलून गेला. "दुसऱ्या दोन माणसांचे आहेत. नाव सारखं, म्हणून माझ्या पानावर आले, आणि मीच न बघता बटण दाबलं. हृदयातलं मला काही कळत नाही. डांबरातलंही नाही. माझी सायटेशनं अकरा."

"तेतुरली चार तेचीच," आनंदीकाकी हळूच म्हणाली. सत्य ते सत्य.

 ढिगातला एक नारळ घरंगळला आणि टक् टक् करत पायरीपर्यंत गेला. सिद्धेश आईकडे बघायला तयार नव्हता.

"आणखी एक सांगायचंय," तो म्हणाला. आवाज आता फुटला होता. "ते अकरासुद्धा माझे एकट्याचे नाहीत. तुमच्या कुळागरात, माड-पोफळींत, तुमच्या बांधावर येऊन मी अळमी शोधली. तुम्ही मला हाकललं नाही. भर पावसात चहा दिलात. जानकीकाकीने माझ्या पायाच्या जळवा काढल्या. माझ्या प्रत्येक निबंधाच्या शेवटी मी गावाचे आभार मानलेत, घरांच्या नावासकट. कोणी वाचत नाही तो भाग. पण मी मनापासून लिहिलाय."

"आमचा नाव छापलंस?" जानकीकाकीने विचारलं.

"हो काकी."

"परदेशात?"

"हॉलंडमध्ये छापतात."

"मगे मेल्या, सांगूचा नाय?" जानकीकाकी कडाडली. "हॉलंडाक माझा नाव आसा आणि माका म्हायत नाय!"

देवळात एकदम खसखस पिकली. आनंदीकाकी मात्र हसत नव्हती. ती पुढे आली, मुलाच्या समोर उभी राहिली, आणि त्याचा शर्ट नीट केला, जसा तो शाळेत जाताना करायची.

"बरा केलंस सांगलंस ता," ती म्हणाली. "गोपाळा, आता गाऱ्हाणा परत घाल. जेचा ता तेका पोचव म्हणान सांग."

घाडी क्षणभर गोंधळले. देवीने दिलेलं परत करायचं गाऱ्हाणं त्यांना त्यांच्या बापाने शिकवलं नव्हतं. पण ते घाडी होते!

"गे माये सातेरी! तू दिलंस ता दोन हातांनी दिलंस, पण माये, पत्तो चुकलो! गावस म्हटल्यार तुका तरी किती गावस म्हायत आसतले? तर आता झडपेचा झडपेवाल्याक पोचव, डांबराचा डांबरवाल्याक पोचव, आणि आमच्या झिलाची अळमी तेवडी तेच्याकडे ठेव!"

"व्हय म्हाराजा!" एवढ्या जोरात 'व्हय' इब्रामपुरात आधी झालं नसेल.

तेव्हा ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ पुढे आले. "झडपेवाला मीच," ते म्हणाले. "शांताराम गावस."

पंचाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिद्धेशने डोळे मिटून मान खाली घातली. आता प्रत्यक्ष बोलणं होणार!

"गावससर, तुमचा ईमेल मिळाला तेव्हा मी खूप हसलो," डॉक्टर म्हणाले. "मग बायकोला वाचून दाखवला, तीही हसली. म्हटलं, या माणसाला भेटलंच पाहिजे. पण इथे येऊन बघतो तर..." ते ढिगाकडे बघत राहिले. त्यांचं शुद्ध पुणेरी मराठी तिथेच कुठेतरी अडकलं. "माझ्या हजारो सायटेशनांसाठी आजपर्यंत कोणी एक नारळ फोडूक नाय हो!"

आनंदीकाकीने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "आई आसा तुमची?"

"नाय. गेली."

"मगे मी आसंय ना!" ती म्हणाली, आणि ढिगातला चांगला मोठा नारळ उचलून घाडींच्या हातात दिला. "ह्यो ह्या बाबाच्या नावान. आणि एक त्या डांबरवाल्याच्या. तो बिचारो उन्हात रस्ते करता खंय तरी."

दोन्ही नारळ फुटले. मग अकरा फुटले, सिद्धेशचे. घाडींनी निवाडा दिला की स्वयं-उल्लेखांचे चारही धरायचे, कारण आपलं नाव आपण घेतलं तरी देवीला चालतं. बाकीचे नारळ कोणी परत न्यायला तयार होईना. त्यांचं गोडं, म्हणजे शाकाहारी, जेवण शिजलं, सगळा गाव पंगतीला बसला, आणि डॉक्टरांनी जेवता जेवता जानकीकाकीच्या पिशवीतला कार्डियोग्राम बघून टाकला. "बदला झडप," ते म्हणाले, "घाबरू नका. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो." जानकीकाकी रडली आणि तिने त्यांना आणखी चार घावन वाढले.

सोमवारी सिद्धेश मुलाखतीला गेला. त्याने स्वतःच्या हाताने अर्जावर आकडा लिहिला होता : अकरा. समितीपुढे संगणक होता आणि त्यावर साईटचा जुना आकडाच झळकत होता.

"इथे चार हजार दिसतात," फोंड्याचे एक वयस्क प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले. "तुम्ही अकरा लिहिलंय?"

सिद्धेशने सांगितलं. सगळं सांगितलं, बटण, गाऱ्हाणं, नारळ, झडप, डांबर. सांगताना त्याच्या लक्षात आलं की समोरचे तिघेही हसून हसून रुमालाने डोळे पुसतायत. एका बाईंना तर पाणी द्यावं लागलं.

"गावस," प्राध्यापक शेवटी म्हणाले, "आमच्याकडे येतात ते आकडा फुगवून येतात. कमी करून आलेला पहिलाच. बरं, आता त्या अळम्यांबद्दल सांगा जरा. आमच्या कुळागरात हल्ली येत नाहीत ती. का?"

मग काय! सिद्धेश बोलत सुटला तो मधल्या सुट्टीपर्यंत. आठवड्याने प्राचार्या सुमंगलाबाईंनी त्याला खोलीत बोलावून पत्र हातात दिलं. असोसिएट प्रोफेसर! तो तिथून थेट देवळात गेला. काही मागायला नाही. नुसताच देवीपुढे बसून राहिला बराच वेळ. मग घरी आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठताना हर्षाच्याही पायांकडे वळला तेव्हा तिने पाय मागे घेतले आणि म्हणाली, "पुरे! नाव बदलायचं वाचलं, एवढं बस्स झालं."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या पावसाळ्यात डॉ. शांताराम गावसांचा फोन आला. हृदयविकाराच्या रुग्णांच्या आहारावर त्यांनी नवा निबंध लिहिला होता, आणि त्यात रानातल्या अळम्यांबद्दल लिहिताना सिद्धेशच्या निबंधाचा उल्लेख केला होता. मनापासून, आदराने, नावासकट!

सिद्धेशने साईट उघडली. बारा! एकूण उल्लेख बारा! आणि हा बारावा खरा, स्वतःच्या पायांनी दुसऱ्या क्षेत्रातून चालत आलेला. अळमी हृदयापर्यंत पोचली होती!

"आई, बारावं आलं!"

आनंदीकाकीने क्षणाचाही विलंब लावला नाही. परसातला नारळ घेतला, चपला घातल्या आणि देवळात. घाडींनी थोडक्यात गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला. जानकीकाकीचे मिस्टर, नवी झडप बसवलेले, स्वतः चालत येऊन खोबरं घेऊन गेले.

संध्याकाळी हर्षाला दाखवायला म्हणून सिद्धेशने पुन्हा पान उघडलं. आकडा परत अकरा. खाली बारीक अक्षरांत टीप. या वेळेला त्याने ती शेवटपर्यंत वाचली :

'उल्लेख करणारे एस. पी. गावस आणि उल्लेखित एस. पी. गावस एकच असल्याचे आढळल्यामुळे हा स्वयं-उल्लेख नव्या नियमानुसार मोजणीतून वगळण्यात आला आहे. जुने उल्लेख कायम राहतील.'

सिद्धेशने डोक्याला हात लावला. "आई... तो बारावा साईटने काढून घेतला गो."

आनंदीकाकी खोबऱ्याचा तुकडा चावत होती. तिने तो नीट चावून खाल्ला.

"तुझ्या त्या साईटीक सांग," ती म्हणाली, "नारळ फुटलो. आता परत घेवची पद्धत नाय."